४ जानेवारी, टोकियो डोम: 'रेसल किंगडम' कुठून पाहावा, काय पाहावं, काय सोडावं

न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी कुस्ती कंपनीचा वार्षिक कार्यक्रम, रेसल किंगडम, पहिल्यांदाच पाहणारा माणूस साधारण चौथ्या मॅचला घड्याळाकडे बघायला लागतो आणि शेवटच्या दोन मॅचना पापणी लवू देत नाही. यात दोष त्याचा नाही. कार्यक्रमाची बांधणीच तशी असते: आधी सगळ्यांची हजेरी लावून घ्यायची, मग हळूहळू ताप चढवत न्यायचा. पाच-सहा तासांत खरोखर जीव ओतलेल्या मॅच तीन, फार तर चार. त्या कुठल्या आणि कशासाठी होताहेत हे माहीत असेल तर प्रो-रेसलिंगमध्ये याच्या तोडीचं फार थोडं आहे. माहीत नसेल तर ही एक लांबलचक आणि महागडी संध्याकाळ.

निकाल आधीच सांगायचा तर: जानेवारी २०२६ चा विसावा रेसल किंगडम गेल्या पाच-सहा वर्षांतला सगळ्यांत नीट बांधलेला होता. डोममध्ये जाऊन पाहायचा असेल तर पहिल्या मजल्याच्या स्टँडमधलं, इनफील्डच्या (बेसबॉलच्या या मैदानात फलंदाज असतो त्या) बाजूचं तिकीट घ्यावं. आणि कंपनीने पुन्हा कधी दोन रात्रींचा बेत जाहीर केला, तर फक्त पहिल्या रात्रीवर पैसे टाकावेत.

१९९२ पासून दरवर्षी ४ जानेवारीला ही कंपनी टोकियो डोममध्ये उतरते. 'रेसल किंगडम' हे नाव मात्र २००७ पासूनचं. त्या वर्षी ऑल जपान या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीला सोबत घेऊन कार्यक्रम केला होता. न्यू जपानचे ते पडते दिवस होते. २०१२ च्या जानेवारीत ट्रेडिंग कार्डांच्या धंद्यातल्या बुशिरोडने कंपनी विकत घेतली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या कार्यक्रमाला आज ओळखतो ते रूप आलं. त्या रूपाचा कणा आहे जी-वन क्लायमॅक्स.

जी-वन ही उन्हाळ्यातली साखळी स्पर्धा. २०१२ पासून तिच्या विजेत्याला डोममध्ये बेल्टसाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, लढण्याचा हक्क कागदावर लिहून मिळू लागला. तो कागद ब्रीफकेसमध्ये घालून पैलवान पुढचे चार-पाच महिने मिरवायचा आणि वाटेत दावा सांगणाऱ्यांशी लढून तो टिकवायचा. म्हणजे जानेवारीची अर्धी मॅच ऑगस्टमध्येच ठरलेली. प्रेक्षकाला पाच महिने वाट पाहायला लावणं हाच इथला धंदा, आणि तो त्यांनी फार हुशारीने केला. २०१३ ते २०१८ अशी सलग सहा वर्षं हा हक्क घेऊन आलेला पैलवान डोममध्ये हरला. मग २०१९ ला हिरोशी तानाहाशीने केनी ओमेगाला हरवलं, तेव्हा कुठे ही माळ तुटली. प्रो-रेसलिंगमध्ये निकाल कंपनीच ठरवते, आणि सहा वर्षं हरवत ठेवलं म्हणूनच त्या एका विजयाला एवढं वजन आलं.

तेत्सुया नाइतोची गोष्ट याहून लांबची. २०१३ ची जी-वन त्याने जिंकली होती, पण २०१४ च्या डोमला प्रेक्षकांचं मतदान घेतलं गेलं आणि बेल्टधारक ओकादाशी असलेली त्याची मॅच मेन इव्हेंटवरून, म्हणजे शेवटच्या मानाच्या जागेवरून, खाली ढकलली गेली. वर आली नाकामुरा आणि तानाहाशीची. पुढे नाइतोचं जे तिरकस, कशाचीच पर्वा नसल्यासारखं वागणं लोकांनी डोक्यावर घेतलं, त्याची मुळं त्या अपमानात होती. २०२० ला तो डोममध्ये दोन बेल्ट जिंकला, पण विजयानंतरच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे साथीदारांची नावं पुकारायच्या आतच केन्टा या पैलवानाने येऊन त्याला झोडपलं. ती नावं त्याने डोममध्ये पुकारली थेट २०२४ ला. दहा वर्षांचं येणं त्या दोन मिनिटांत वसूल झालं. नुसती २०२४ ची मॅच पाहणाऱ्याला मात्र ती बेताचीच वाटेल, आणि मॅच म्हणून ती तशीच होती.

२०२४ पासून कंपनीने ही रीत मोडली. झॅक सेबर ज्युनियरने जी-वन जिंकल्यावर डोमची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच टोकियोतल्या र्‍योगोकूच्या कार्यक्रमात नाइतोकडून बेल्ट घेतला. २०२५ ला कोनोसुके ताकेशिताने तेच सेबरच्या बाबतीत केलं. ऑक्टोबरचा कार्यक्रम यामुळे तगडा झाला, पण डोमच्या आव्हानवीराला तयार करायला जेमतेम दोन-अडीच महिने उरतात. २०२५ ला त्याचा फटका दिसलाच. सेबरसमोर शोता उमिनोला उभं केलं होतं आणि डोममधल्या लोकांनी त्याला मनापासून स्वीकारलेलं नव्हतं. मॅच चाळीस मिनिटांच्या पुढे गेली. सेबरची पकड, त्याचं दर दोन मिनिटांनी नवा सांधा शोधणं बघण्यासारखं होतं, पण ज्याच्यासाठी ओरडायचं त्याच्यावर लोकच नाराज असतील तर तांत्रिक सफाई किती पुरणार?

२०२६ ला हा प्रश्नच आला नाही, कारण तानाहाशी निवृत्त होत होता. १९९९ मध्ये पहिली मॅच खेळलेला, पडत्या काळात कंपनी अक्षरशः खांद्यावर वाहिलेला, २०२३ च्या डिसेंबरपासून कंपनीचा अध्यक्ष असलेला माणूस, आणि समोर काझुचिका ओकादा. ओकादा २०२४ मध्ये कंपनी सोडून अमेरिकेला गेला होता. खास या मॅचसाठी परत आला. डोममध्ये दोघांची ही चौथी गाठ. २०१३ आणि २०१५ ला तानाहाशी जिंकला, २०१६ ला ओकादा. निवृत्तीची मॅच हरण्याची जपानी रीत इथेही पाळली गेली आणि हिशेब दोन-दोन असा बरोबरीत सुटला.

मॅच अर्ध्या तासाच्या पुढे गेली आणि तिचं यश बेताबेताने खेळण्यात होतं. तानाहाशीचे गुडघे कित्येक वर्षांपूर्वीच कामातून गेलेत. त्याचा हुकमी डाव, 'हाय फ्लाय फ्लो', म्हणजे वरच्या दोरावरून अंग झोकून देणं, आणि त्यात मार बसतो तो त्याच्याच गुडघ्यांना. पळणं कमी झालंय, उडी बुटकी झालीय, हे लपवायचा प्रयत्न दोघांनीही केला नाही. ओकादाचा 'रेनमेकर' तर मुळातच संथ मॅचसाठी बनवल्यासारखा: मागून मनगट धरायचं, समोरच्याला गर्रकन फिरवून बाहेर काढायचं आणि त्याच मनगटाने परत खेचून गळ्यावर हात हाणायचा. एकदा मनगट पकडलं की अख्ख्या डोमला कळतं काय येणार ते. सुटका एवढीच की वाकून चुकवायचं, थोबाडीत मारायचं किंवा पकड सुटेपर्यंत झटापट करायची. हा एक प्रश्न दोघे चौदा वर्षं परत परत सोडवत आलेत, म्हणून नुसतं मनगट धरल्यावर होणारा गलका बाकीच्यांच्या दहा कोलांट्यांना भारी पडतो.

तयारी म्हणून किमान एवढं क्रमाने पाहावं. फेब्रुवारी २०१२ ची ओसाकाची मॅच, जिथे परदेशातून नुकत्याच परतलेल्या ओकादाने तानाहाशीचा बेल्ट घेऊन सगळ्यांना चकित केलं. मग डोमच्या २०१३, २०१५ आणि २०१६ च्या. वेळ असेल तर मे २०१८ ची फुकुओकाची, ज्यात ओकादाने बेल्टचा बारावा बचाव करून तानाहाशीचाच अकरा बचावांचा विक्रम मोडला. वेळ नसेल तर निदान २०१५ ची तरी. त्यात हरल्यावर ओकादा रडत रिंग ते स्टेज अशा त्या लांबलचक रॅम्पवरून परत जातो. तो रॅम्प इतका लांब आहे की कॅमेऱ्याला काही करावंच लागत नाही. २०२६ चा शेवट त्या चालण्याला दिलेलं उत्तर आहे.

बेल्टची मॅच या वेळी शेवटून दुसरी होती. योता त्सुजीने ताकेशिताला हरवून कंपनीचे आयडब्ल्यूजीपी वर्ल्ड आणि ग्लोबल असे दोन्ही बेल्ट नेले. निवृत्तीला मेन इव्हेंट देण्याबद्दल कुरकुर झाली. ती मला पटत नाही. तानाहाशीच्या आधी लढून त्सुजीला तापलेला डोम मिळाला. नंतर लढला असता तर डोळे पुसत दारांकडे निघालेले लोक मिळाले असते.

तिसरी लक्षात राहणारी मॅच ॲरन वुल्फची. टोकियो ऑलिंपिकमधला १०० किलो गटातला ज्युदोचा सुवर्णपदक विजेता, प्रो-रेसलिंगमधली त्याची ही पहिलीच मॅच, आणि त्याने एव्हिलकडून नेव्हर ओपनवेट बेल्ट जिंकला. पहिल्याच दिवशी बेल्ट देणं घाईचं वाटतं. पण एव्हिलच्या टोळीची पंचाला आडवं पाडून मधे घुसायची सवय या कंपनीतली सगळ्यांत कंटाळवाणी गोष्ट झाली होती, त्यामुळे तिच्याविरुद्ध ज्युदोवाला उतरवणं डोक्याने केलेलं काम म्हणावं लागेल. नवख्याला लांब मॅच झेपत नाही. घुसखोरीने त्याचे कच्चे दुवे झाकले गेले आणि लोकांना त्याची बाजू घ्यायला कारणही मिळालं.

मधला भाग नेहमीसारखाच ढेपाळता. हा दरवर्षीचा आजार आहे आणि त्याचं कारण सरळ आहे: ४ जानेवारीच्या कार्डावर, म्हणजे मॅचच्या यादीत, आपलं नाव असावं असं प्रत्येकालाच वाटतं. कंपनी मग तीन-तीन, चार-चार जणांच्या मॅच, टॅग टीमच्या गर्दीच्या मॅच आणि सुरुवातीला 'रम्बो' नावाची झुंड-मॅच ठेवते. २०१५ पासूनच्या या रम्बोमध्ये ठरावीक अंतराने एकेक जण रिंगमध्ये येतो. वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला, पिन झाला (खांदे टेकून तीनपर्यंत मोजलं गेलं) किंवा हार मानली की बाद. कधी एखादा जुना चेहरा अचानक उगवतो, तेवढीच मजा. त्या वेळात जेवून घेतलं तर काही बुडत नाही. सोडू नये ती ज्युनियर हेवीवेटची मॅच. वजनाची मर्यादा १०० किलो, वेळ थोडा, आणि वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या गर्दीसमोर नाव कमावण्याची ही एकच संधी, त्यामुळे हे लोक हात राखून खेळत नाहीत. २०१८ ची ऑस्प्रे, हिरोमु, कुशिदा आणि स्कर्लची चौरंगी मॅच आजही नव्या माणसाला दाखवायला उत्तम.

महिलांच्या मॅचबद्दल कंपनीचा हात आखडता राहिलाय. आयडब्ल्यूजीपी महिला बेल्ट २०२२ मध्ये आला आणि २०२३ च्या डोममध्ये काइरी व ताम नाकानो यांना त्यासाठी सहा मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. मॅचनंतर अमेरिकेतली नामवंत मर्सिडीज मोने आली, लोकांनी तिला पाहिलं, मॅच विसरले. इतक्या वेळात दोघींना काय दाखवता येणार होतं?

आता दोन रात्रींचं. २०२० ला ४ जानेवारी शनिवारी आली, लागून रविवार, म्हणून पहिल्यांदाच डोम दोन दिवस घेतला. पहिल्या रात्री ४०,००८ लोक, दुसऱ्या रात्री ३०,०६३. तेव्हा सगळ्यांनी यश म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि नाइतो-ओकादाच्या दोन बेल्टच्या मॅचमुळे ते यश होतंही. पण दुसऱ्या रात्रीची गळती तेव्हाच दिसली होती. २०२१ ला कोविडचे निर्बंध, ओरडायला बंदी, फक्त टाळ्या: १२,६८९ आणि ७,८०१. २०२२ ला डोमचे दोन दिवस १२,०४७ आणि ६,३७९, शिवाय ८ जानेवारीला योकोहामा अरीनात नोआ कंपनीविरुद्धची तिसरी रात्र. २०२५ ला दुसरा दिवस अमेरिकन आणि इतर कंपन्यांसोबत वेगळ्या नावाने केला, तरी २४,१०७ वरून १६,३०० वर घसरला. परिस्थिती दरवर्षी निराळी होती, उतार तोच.

आकड्यांइतकंच कार्डाचंही नुकसान होतं. दोन रात्री म्हटलं की दोन मेन इव्हेंट लागतात, मग पहिल्या रात्रीचा विजेता दुसऱ्या रात्री थकून लढणार ही गोष्ट रचावी लागते. २०२० ला ती नवी होती. २०२१ ला इबुशीने पहिल्या रात्री नाइतोला आणि दुसऱ्या रात्री जे व्हाइटला हरवलं, २०२२ ला ओकादाने आधी शिंगो ताकागीला आणि मग ऑस्प्रेला. तिसऱ्यांदा तीच चाल पाहताना पहिल्या रात्रीचा निकाल शेवटचा वाटेनासाच झाला. एकाच रात्रीचा आणि तिकिटं आधीच संपलेला २०२६ चा कार्यक्रम पाहून कंपनीने धडा घेतला असेल अशी आशा.

जुन्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. नव्वदच्या दशकात साठ हजारांच्या वरचे आकडे जाहीर व्हायचे. ते आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत. २०१५ चा जाहीर आकडा ३६,०००, आणि २०१६ चा २५,२०४. वर्षभरात अकरा हजार लोक पळाले नव्हते. गोल आकडे फेकण्याऐवजी खरी डोकी मोजायला सुरुवात झाली होती.

डोम ही जागा कुस्तीसाठी बनलेली नाही. हे बेसबॉलचं मैदान आहे, योमिउरी जायंट्सचं. कार्यक्रमांना साधारण ५५ हजारांची सोय. रिंग मैदानाच्या मधोमध, स्टेज आउटफील्डकडे, मधे तो रॅम्प. मैदानावर मांडलेल्या खुर्च्यांना 'अरीना' म्हणतात आणि नवखे लोक सगळ्यांत जास्त पैसे तिथेच उधळतात. जमीन सपाट आहे. पहिल्या काही रांगा सोडल्या तर पुढच्यांची डोकी दिसतात आणि पैलवान खाली पडले की काहीच दिसत नाही. प्रो-रेसलिंगमधला अर्धा वेळ पैलवान खालीच असतात. मग माणूस मोठ्या पडद्याकडे बघत बसतो आणि तेच चित्र घरी बसून याहून स्वच्छ दिसलं असतं. रॅम्पला लागून जागा मिळत असेल तर प्रवेश पाहायला मजा आहे, लढत पाहायला नाही.

पहिल्या मजल्याचं स्टँड चढतं असल्यामुळे रिंगचा पृष्ठभाग दिसतो, आणि ते महत्त्वाचं. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे मैदानाच्या उजव्या किंवा डाव्या अंगाला, बसलं तर रिंग तिरकी, रॅम्प आणि स्टेज एका नजरेत येतात. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे बसलं तर स्टेज अगदी समोर, पण लांब. दुसऱ्या मजल्यावरून पैलवान बोटाएवढे दिसतात. तिथे बसायचं तर आठपट दुर्बीण न्यावी आणि रोषणाई, गर्दी, आवाजाची लाट यांचा आनंद घ्यावा. स्वस्तात तोही काही कमी नाही. फक्त पुढच्या कठड्याची दांडी नजरेच्या रेषेत येणाऱ्या रांगा टाळाव्यात.

आवाजाचं गणित वेगळंच. छत हवेवर उचललेलं आहे; आतला दाब बाहेरपेक्षा सुमारे ०.३ टक्के जास्त ठेवतात, म्हणून आत जायला फिरती दारं आणि बाहेर पडताना पाठीवर वाऱ्याचा जोराचा धक्का. टोप्या उडतात, हातातले कागद उडतात. त्या प्रचंड पोकळीत छातीवर बसलेल्या थापेचा आवाज स्टँडपर्यंत यायला क्षणभर उशीर होतो आणि गर्दीचा गलका वर विरून जातो. ओसाका किंवा शेजारच्याच कोराकुएन हॉलमध्ये भिंती हादरवणारी मॅच डोममध्ये थंड वाटू शकते. पैलवानांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून इथे हालचाली मोठ्या करतात, डावांमध्ये थांबे लांब ठेवतात. घरून पाहणाऱ्याला तोच थांबा कधी रेंगाळल्यासारखा वाटतो. हेडफोन लावून पाहिलं तर बराच फरक पडतो.

तिकिटांबाबत. विक्री टप्प्याटप्प्याने होते: आधी फॅन क्लबच्या सदस्यांना, मग सोडतीने, मग सर्वांसाठी. चांगली स्टँडची तिकिटं पहिल्या दोन टप्प्यांतच संपतात, सर्वसाधारण विक्रीत बहुतेक अरीनाच्या मागच्या रांगा आणि दुसरा मजला उरतो. लॉसन, पिया, इ-प्लस या तिन्ही सेवांवर मिळतात, पण जपानी फोन नंबर आणि पत्ता मागतात आणि बरेचदा कागदी तिकीट कन्व्हिनिअन्स स्टोअरच्या मशीनवरून काढावं लागतं. बाहेरून येणाऱ्याने परदेशी ग्राहकांसाठीचं पान उघडण्याची वाट पाहणं जास्त शहाणपणाचं. तिथे जागा निवडता येत नसली तरी तिकीट हातात पडण्याची खात्री असते.

स्टेशनं दोन्ही बाजूंना आहेत. सुइदोबाशीला जेआरची चुओ-सोबू लाइन आणि तोएईची मिता लाइन, पलीकडे कोराकुएनला मारुनोउची आणि नाम्बोकू. कार्यक्रम सुटल्यावर सुइदोबाशीचा जेआरचा पूल तुंबतो. थोडं चालून कोराकुएन किंवा कासुगा गाठलेलं बरं. काचेच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन आत नेऊ देत नाहीत. डोममधले खाण्यापिण्याचे स्टॉल २०२२ पासून रोख घेत नाहीत, त्यामुळे क्रेडिट कार्ड किंवा ट्रेनचं आयसी कार्ड भरून ठेवावं. टी-शर्ट आणि टॉवेल घ्यायचे असतील तर दारं उघडायच्या आधी रांगेत लागावं. लोकप्रिय पैलवानांचे मधले साइझ आधी संपतात. घाई नसेल तर सुइदोबाशीजवळच कंपनीचं तोकॉन शॉप आहे.

घरून पाहायचं तर कंपनीची स्वतःची सेवा न्यू जपान वर्ल्ड. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ती महिना ९९९ येनला सुरू झाली आणि जुन्या मॅचचा खजिना हीच तिची खरी किंमत आहे. इंग्रजी समालोचन मिळतं; ख्रिस चार्ल्टनला जपानी आणि कंपनीचा इतिहास दोन्ही येतात, त्यामुळे नव्या माणसाने तेच लावावं. जपानी समालोचन जास्त तापतं, भाषा न कळताही. नोंदणी आदल्या दिवशी उरकावी. आणि सलग पाच-सहा तास बसण्यापेक्षा नंतर सुट्या केलेल्या मॅच निवडून पाहणं कधीही चांगलं, फक्त तोवर निकालांपासून डोळे झाकून राहता आलं पाहिजे.

अमेरिकन कुस्तीची सवय असलेल्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रिंगबाहेर गेल्यावर पंच दहा नव्हे, वीसपर्यंत मोजतो, म्हणून बाहेरची मारामारी लांबते. आणि मोठ्या मॅचची पहिली दहा मिनिटं फुकट नसतात. सहाव्या मिनिटाला ज्या अवयवावर काम सुरू होतं, तो तिसाव्या मिनिटाला दगा देतो. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण २०१७ ची ओकादा-ओमेगा, ४६ मिनिटं ४५ सेकंद. सुरुवात रटाळ वाटते, मग रिंगबाहेरच्या टेबलवर ओमेगा कोसळतो आणि तिथून मॅच वेग घेते. त्यात ओमेगाचा हुकमी 'वन विंग्ड एंजल' एकदाही बसत नाही. तो बसतो पाच महिन्यांनी, ओसाकात, आणि तेव्हा ओकादाचा पाय दोरावर पडतो. बेल्टच्या मॅचमध्ये तो डाव निर्णायक ठरायला जून २०१८ उजाडतो. २०१७ ची मॅच पाहणार असाल तर पुढच्या दोन्ही पाहायची तयारी ठेवा.

डोमच्या दुसऱ्या दिवसाचा 'न्यू इयर डॅश' कधी कोराकुएन हॉलमध्ये असतो, कधी ओता वॉर्डच्या जिम्नॅशियममध्ये. त्याचं कार्ड आधी जाहीर करत नाहीत. रात्रभरात सुजलेले गुडघे आणि टेप लावलेले खांदे घेऊन पैलवान सहा-सहा, आठ-आठ जणांच्या हलक्या मॅच खेळतात, त्यामुळे कुस्ती म्हणून फारसं काही हाती लागत नाही. पण कोराकुएनमध्ये दोन हजारांच्या आत माणसं, कुठलीही जागा रिंगच्या जवळ, आणि नव्या वर्षाची भांडणं, फितुरी, आव्हानं सगळी तिथेच सुरू होतात. ती बहुधा शेवटच्या मॅचची घंटा वाजल्यानंतर, त्यामुळे ट्रेन गाठायच्या घाईने लवकर उठू नये.